सॉल्ट लेकचा सुतार: चाळीस वर्षांच्या एका बांधकामातून मॉर्मन समजून घेताना

यलोस्टोन पाहायला निघालेली बरीच मराठी कुटुंबं वाटेत सॉल्ट लेक सिटीला मुक्काम करतात. गेली काही वर्षं तिथल्या टेम्पल स्क्वेअरला गेलेल्यांना मुख्यतः क्रेन, परांची आणि कुंपणच बघायला मिळालं. यूटा राज्याची ओळख असलेलं तिथलं मॉर्मन पंथाचं सहा मनोऱ्यांचं दगडी टेम्पल २०१९च्या डिसेंबरअखेर दुरुस्तीसाठी बंद झालं. आता जाहीर झालंय की एप्रिल ते ऑक्टोबर २०२७ या काळात ते सगळ्यांना, म्हणजे मॉर्मन नसलेल्यांनाही, आतून पाहता येईल. त्यानंतर दार पुन्हा फक्त त्यांच्या सभासदांसाठी.

ही बातमी आली की नेहमीचे प्रश्न येतात. मॉर्मन म्हणजे नेमके कोण? ते ख्रिश्चन की आणखी काही? अनेक बायका करणारे ते हेच का? आणि एक इमारत बांधायला चाळीस वर्षं का लागली? धर्मशास्त्रातून उत्तरं द्यायला बसलं तर वाचणारा दुसऱ्या परिच्छेदात पळून जाईल. म्हणून ज्याने ही इमारत कागदावर उतरवली त्या सुताराचं बोट धरून जाऊ. त्याचं नाव ट्रुमन एंजेल.

## आधी ओळख करून घेऊ

१८३०चा सुमार. न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात धर्मजागृतीची लाट आलेली. गावोगावी तंबूत प्रवचनं चाललेली, आणि खरा पंथ कोणता यावरून घराघरात वाद. त्या वातावरणात जोसेफ स्मिथ या शेतकऱ्याच्या मुलाने सांगितलं की देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा मजकूर आपण भाषांतरित केला आहे. तेच ‘बुक ऑफ मॉर्मन’. मार्च १८३० मध्ये ते छापून आलं आणि ६ एप्रिलला चर्च स्थापन झालं. पुस्तकाच्या नावावरून लोकांनी अनुयायांना ‘मॉर्मन’ म्हणायला सुरुवात केली. त्यांचं स्वतःचं अधिकृत नाव लांबलचक आहे: द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. टोपणनाव वापरू नका, असं चर्चने २०१८ मध्ये सांगितलं; पण हा लेख वाचणाऱ्यांना तेच ओळखीचं आहे, म्हणून इथे तेच वापरतो.

ते येशूला मानतात, बायबल मानतात, पण सोबत हा दुसरा ग्रंथही मानतात. इतर बहुतेक ख्रिस्ती पंथांचा आक्षेप इथेच सुरू होतो. तो वाद इथे मिटणार नाही. आपल्याला महत्त्वाची आहे ती एक व्यवस्था: गावपातळीवर यांच्याकडे पगारी पाद्री नसतो. सुतार, लोहार, शेतकरी हेच प्रवचन करतात आणि तेच व्यवस्थाही पाहतात. वरून एखाद्याला सांगितलं जातं, ‘तू हे काम कर’, की तो हातातलं सोडून ते करतो. या बोलावण्याला ते ‘कॉलिंग’ म्हणतात. एंजेलचं सगळं आयुष्य या एका शब्दाभोवती फिरलं.

## प्रचाराला जायचं की दुकान बांधायचं?

ट्रुमन ऑझबर्न एंजेल ५ जून १८१० रोजी ऱ्होड आयलंडमधल्या नॉर्थ प्रॉव्हिडन्सला जन्मला. शाळा जेमतेम. सतराव्या वर्षी तो सुतारकाम शिकायला राहिला. जानेवारी १८३३ मध्ये त्याने या नव्या पंथाचा बाप्तिस्मा घेतला. काही काळ फिरून प्रचार केला आणि १८३५ मध्ये ओहायोतल्या कर्टलंडला आला. तिथे पंथाचं पहिलं टेम्पल उभं राहत होतं आणि चांगल्या सुताराची वानवा होती.

२७ मार्च १८३६ला त्या टेम्पलचं समर्पण झालं. काम संपलं, आता पुन्हा प्रचाराला निघायचं, असं एंजेलने ठरवलं. तेवढ्यात जोसेफ स्मिथने त्याला गाठलं: मला एक दुकान बांधायचंय, देखरेख तू कर. एंजेलने सरळ सांगितलं की मी तर प्रचाराला चाललोय. स्मिथने फार आग्रह धरला नाही. दुसऱ्या दिवशी काम करता करता एंजेलने मान वर केली तर चर्चचे प्रमुख एकत्र उभे दिसले. त्याने मान खाली घातली, हात चालू ठेवले; आणि आतून कुणीतरी कुजबुजल्यासारखं झालं की ते घर बांधणं हेच तुझं कर्तव्य. त्याने स्वतः पुढे हे लिहून ठेवलं आहे. प्रचार राहिला, दुकान बांधलं.

श्रद्धावान वाचक याला देवाचा आवाज म्हणेल. मी याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो. त्या पंथात बोलणारे भरपूर होते. काटकोन अचूक साधणारे थोडे. ज्याच्या हातात कसब आहे त्याला चर्च सहजासहजी सोडत नसे, आणि त्या माणसालाही ‘हे काम म्हणजेच माझा प्रचार’ असं मनोमन पटवून घ्यावं लागे. एंजेलने ते पटवून घेतलं. पुढची पन्नास वर्षं.

पुढे यूटात ‘मिशन’चा, म्हणजे प्रचाराच्या कामगिरीचा, अर्थ आणखी रुंदावला. लोखंड काढायला पाठवलेल्या लोकांना आयर्न मिशन म्हणत, दक्षिणेत कापूस पिकवायला धाडलेल्यांना कॉटन मिशन. १८५६ मध्ये एंजेललाही मिशनवर पाठवलं, पण प्रवचनासाठी नव्हे: इंग्लंड-फ्रान्सला जा, तिथल्या मोठ्या इमारती बघ आणि शिकून ये. उमेदवारी करून तयार झालेला कारागीर, टेम्पलचा पाया पडल्यावर तीन वर्षांनी, युरोपची कॅथेड्रलं पहिल्यांदा पाहत होता!

## बांधायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं

कर्टलंड टिकलं नाही. कर्ज, बुडालेली पेढी, आपसातली भांडणं, शेजाऱ्यांचा रोष. मिझुरीत तर १८३८ मध्ये गव्हर्नरने या लोकांना राज्याबाहेर घालवण्याचा हुकूमच काढला. मग इलिनॉयमध्ये मिसिसिपीकाठी नॉवू नावाचं शहर वसलं. तिथे दुसरं टेम्पल सुरू झालं. वास्तुरचनाकार विल्यम वीक्स, सुतारकामाच्या देखरेखीला एंजेल. जून १८४४ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथला गोळ्या घातल्या. आता इथून उठावं लागणार हे उघड होतं. तरीही लोकांनी टेम्पल पुरं करायचा हट्ट धरला. फेब्रुवारी १८४६ मध्ये काफिले निघायला लागले आणि मागे राहिलेल्या कारागिरांनी वसंतात शेवटचा हात फिरवून समर्पणही उरकलं. दोन वर्षांनी कुणीतरी त्या इमारतीला आग लावली. उरलेल्या भिंती १८५०च्या वादळात कोसळल्या.

एंजेल १८४७च्या पहिल्या तुकडीत होता. स्मिथनंतर चर्चची धुरा घेतलेल्या ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखालची ही तुकडी, १४३ पुरुष, ३ बायका, २ मुलं, जुलैअखेर सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली. त्याच शरदात एंजेल मागे फिरला आणि पुढच्या वर्षी बायकामुलांना घेऊन आला. वीक्सने दरम्यान या लोकांची साथ सोडली होती. चर्चचा वास्तुरचनाकार म्हणून एंजेलची नेमणूक झाली.

इथे एक गोष्ट ओलांडून जाता येत नाही. ‘ओसाड वाळवंटात नंदनवन’ ही कथा यूटात फार लाडकी आहे, पण ते खोरं रिकामं नव्हतं. यूट, शोशोनी आणि गोशूट लोकांची ती शिकारीची, मासेमारीची, कंदमुळांची जमीन होती आणि कागदोपत्री तेव्हा ती मेक्सिकोकडे होती. वसाहत वाढली तशी त्यांची उपासमार आणि चकमकीही वाढल्या.

## इतकी जाड भिंत कशाला?

६ एप्रिल १८५३ला टेम्पलच्या कोनशिला बसल्या. कशाचं बांधायचं यावर आधीच्या वर्षी जाहीर खल झाला होता. मातीच्या कच्च्या विटा ठीक, काळाच्या ओघात त्या दगड होतील, असंही ब्रिगहॅम यंगने बोलून पाहिलं होतं. हा माणूस स्वतः सुतार आणि रंगारी होता, त्यामुळे सूचना करायला कचरत नसे. शिवाय एंजेलची बहीण मेरी अ‍ॅन त्याची पत्नी. म्हणजे एंजेलचा मालक, धर्मगुरू आणि मेव्हणा, तिन्ही एकच. नोकरी करणाऱ्याने या वाक्यावर जरा थांबून विचार करावा.

अखेर निवड झाली ती वीसेक मैलांवरच्या लिटल कॉटनवुड दरीतल्या पांढुरक्या दगडाची. सगळे त्याला ग्रॅनाइट म्हणतात. भूशास्त्रज्ञ क्वार्ट्झ मॉन्झोनाइट म्हणतील.

तेव्हाच्या बांधकामात आजच्यासारखा लोखंडी सळ्यांचा सांगाडा नव्हता. भिंत म्हणजे नुसता आडोसा नव्हे. छत, मजले, मनोरे, सगळ्याचं वजन भिंतीवरच. दगड दाबला जाणं उत्तम सोसतो, पण ओढला किंवा वाकवला तर तडकतो. म्हणून भिंत जितकी उंच, तितकी खाली रुंद. एंजेलच्या भिंती तळाशी ९ फूट जाड आहेत आणि वर जाता जाता ६ फुटांवर येतात. पूर्वेचा मधला मनोरा २१० फूट.

हे दगड काढले कसे? डोंगर फोडून नव्हे. कड्यावरून निखळलेले घराएवढे गोटे दरीत पडलेले होते, तेच पाथरवटांनी चिरले. एकाने पोलादी पहार धरायची, दर घावाला ती जराशी फिरवायची, दुसऱ्याने घण घालायचा. अशी भोकांची एक सरळ ओळ पाडली की प्रत्येक भोकात लोखंडी पाचर. मग ओळीने एकेका पाचरेवर थोडा थोडा ठोका. घाई केली तर दगड आडवातिडवा फुटतो. सगळ्या पाचरा सारख्या ताणल्या गेल्या की गोटा त्या रेषेत उकलतो. त्या भोकांच्या अर्ध्या पन्हळी आजही दरीतल्या दगडांवर दिसतात. पुढे बैलगाडी. एका खेपेला तीन-चार दिवस. दगड पाण्यातून आणू म्हणून कालवा खणायला घेतला, तोही फसला. १८७३ मध्ये दरीपर्यंत रेल्वे आली तेव्हा कुठे वेग वाढला.

बैलगाडीच्या या काळात एंजेल फक्त टेम्पलच काढत नव्हता. ब्रिगहॅम यंगची बीहाइव्ह हाउस आणि लायन हाउस ही घरं, फिलमोरचं विधिमंडळ, नंतर सेंट जॉर्जचं टेम्पल, सगळे नकाशे त्याच्याकडे. एक साखर कारखानाही होता. बीटपासून साखर करायची म्हणून थेट इंग्लंडहून यंत्रं आणली, बैलगाड्यांवर लादून खोऱ्यात पोहोचवली आणि निघाली काय, तर कडवट काळी काकवी. साखर झालीच नाही; त्या वस्तीला मात्र ‘शुगर हाउस’ हे नाव कायमचं चिकटलं. साखर कारखान्याचं राजकारण पाहिलेल्या मराठी वाचकाला या प्रकरणात फारसं नवल वाटणार नाही.

## ही वेठबिगारीच की!

असं वाटणं साहजिक आहे. मॉर्मन लोक उत्पन्नाचा दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, चर्चला देतात. रोकड नसलेल्या समाजात हा दशमांश धान्यात, जनावरांत आणि श्रमात दिला जाई. नॉवूला दर दहावा दिवस टेम्पलच्या कामाचा. यूटात कायमस्वरूपी कामगारांना मोबदला मिळे, पण बराचसा चर्चच्या कोठारातल्या धान्य-लोण्याच्या रूपात.

कायद्याने पाहिलं तर ही वेठ नव्हती. सोडून जायला बंदी नव्हती आणि वीक्ससारखे गेलेही. पण जिथे शेजारी, नातलग, सावकार, न्यायाधीश सगळे एकाच चर्चचे, तिथे ‘नाही’ म्हणायची किंमत केवढी असेल? एंजेलच्या नोंदींमध्ये या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर सापडतं. त्यात श्रद्धा आहे, आणि डोकेदुखी, थकवा, अपुरं घर, बिनकदरीची बोचही आहे. १८६१ मध्ये प्रकृतीने पार साथ सोडली आणि त्याने पद सोडलं. १८६७ मध्ये बोलावणं आलं, पुन्हा रुजू झाला. भाविक चरित्रांमध्ये ही कुरकुर चटकन ओलांडली जाते. मला तर तिच्यामुळेच हा माणूस खरा वाटतो.

## पाया बांधला आणि पुरला

चाळीस वर्षांतली काही वर्षं शब्दशः मातीत गेली. १८५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी यूटात बंडाळी असल्याचं मानून फौज रवाना केली. चर्चने शहर रिकामं केलं आणि टेम्पलचा पाया मातीने भरून वर नांगर फिरवला, म्हणजे सैन्याला शेत दिसावं. जून १८५८ मध्ये फौज शहरातून शांतपणे पुढे गेली, लढाई टळली. पाया उकरला तेव्हा त्यात वापरलेल्या वालुकाश्मात तडे आढळले. वरचा भार याला पेलणार नाही म्हणून बराच भाग काढून पुन्हा बांधला.

## आत काय लपवतात?

मॉर्मनांची साप्ताहिक प्रार्थना साध्या सभागृहात होते आणि तिथे कुणीही जाऊ शकतं. टेम्पल वेगळं. तिथे रविवारची प्रार्थना नसते, विशेष विधी असतात: नवरा-बायको आणि मुलं मरणानंतरही एकत्र राहावीत म्हणून केलेलं बंधन, देवाशी करायचे करार, आणि मृतांच्या वतीने जिवंत माणसाने घेतलेला बाप्तिस्मा. त्यांच्या दृष्टीने हे गुप्त नव्हे, पवित्र. टीकाकारांना हा फरक मान्य नाही.

मृतांचा बाप्तिस्मा ऐकून भुवया उंचावतात. त्यांचं म्हणणं, तो स्वीकारायचा की नाकारायचा हे मृताच्या आत्म्याच्या हाती. तरीही नाझी छळात मेलेल्या ज्यूंच्या नावाने हे विधी झाल्यावर संताप उसळला आणि १९९५ मध्ये चर्चने ते थांबवायचं कबूल केलं. वंशावळी जमवण्याचा यांचा ध्यासही इथूनच येतो. त्यांच्या फॅमिलीसर्च या संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही छायाचित्रं घेतली आहेत. मायक्रोफिल्म ठेवायची त्यांची तिजोरी आहे त्याच लिटल कॉटनवुडच्या डोंगरात.

## आणि बायकांचं काय?

होती ती प्रथा. १८५२ मध्ये चर्चने ती जाहीरपणे मान्य केली. ब्रिगहॅम यंगच्या बायका डझनांनी मोजाव्या लागतात, आणि एंजेलनेही एकापेक्षा जास्त लग्नं केली होती. केंद्र सरकारने कायदे कडक केले, चर्चची मालमत्ता जप्त केली, तेव्हा १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी नवी बहुपत्नी लग्नं थांबवायचं घोषणापत्र काढलं. आज असं लग्न करणाऱ्याला मुख्य चर्च बाहेर काढतं. फुटून निघालेल्या छोट्या गटांत ती प्रथा उरली आहे.

१८५२ची ती घोषणा आपल्याकडेही पोहोचली होती बरं का. त्याच वर्षी ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि पुण्याच्या लष्कर भागातही त्याने काम केलं. छावणीतल्या अधिकाऱ्यांचा विरोध, वर बहुपत्नीत्वाची बदनामी. हाती लागली मोजकीच माणसं, आणि १८५५ मध्ये तो परत गेला.

## मग आता खाली काय बसवलंय?

सॉल्ट लेक शहर वासॅच प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेच्या, अगदी अंगावर वसलं आहे. भूकंप आला की जमीन आडवी हलते आणि जाड दगडी भिंतीला नेमकं तेच सोसत नाही. काम नुकतंच सुरू झालेलं असताना, १८ मार्च २०२० रोजी ५.७ तीव्रतेचा धक्का बसला. मनोऱ्यावरच्या मोरोनायच्या, म्हणजे सोन्याचे पत्रे दाखवणाऱ्या त्या देवदूताच्या, पुतळ्याच्या हातातला कर्णा खाली पडला. ‘दुरुस्ती हवीच कशाला’ म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर मिळालं नसतं.

उपाय म्हणजे ‘बेस आयसोलेटर’: इमारत आणि जमीन यांच्यामध्ये बसवलेले सरकते टेकू. एसटीत उभा असलेला माणूस गुडघे ताठ ठेवून राहिला तर पहिल्याच खड्ड्याला आपटतो. गुडघे सैल सोडले तर पाय हलतात, धड जागेवर राहतं. टेम्पलला असे ९८ गुडघे बसवलेत. जुन्या पायाच्या भोवताली आणि खालून नवा काँक्रीटचा पाया घातला. शिवाय मनोरे आणि भिंतींना वरून खालपर्यंत भोकं पाडून त्यांतून पोलादी तारा ताणल्या, म्हणजे दगड एकमेकांना घट्ट धरून राहतील.

एवढं करून वाद झालाच, तो आतल्या भिंतींवरून. एंजेल १६ ऑक्टोबर १८८७ला गेला. नंतरचं काम ब्रिगहॅम यंगचा मुलगा जोसेफ डॉन कार्लोस यंग याने पुरं केलं आणि ६ एप्रिल १८९३ला समर्पण झालं. त्या काळात चित्रकारांनी विधींच्या खोल्यांत हाताने भित्तिचित्रं काढली होती. ती जाणार आणि विधींमधल्या जिवंत अभिनयाऐवजी चित्रफीत दाखवली जाणार, असं २०२१ मध्ये जाहीर झालं तेव्हा अनेक मॉर्मन हळहळले. चर्चचं कारण व्यवहारी आहे: जास्त माणसं, जास्त भाषा. ते मला समजतं. पण दगड वाचवायला एवढा खटाटोप करणाऱ्यांनी रंग इतक्या सहज सोडावेत, हे पटत नाही.

२०२७ मध्ये जाणार असाल तर आत जाण्याआधी इमारतीला एक फेरी मारा. पूर्वेचे तीन मनोरे पश्चिमेच्या तिघांपेक्षा उंच आहेत. त्यांच्या पुरोहितपदाच्या दोन पायऱ्यांची ती खूण. भिंतीवर चंद्राच्या कला कोरलेल्या आहेत. पश्चिमेच्या मधल्या मनोऱ्यावर चक्क सप्तर्षी आहेत, त्यांतले टोकाचे दोन ध्रुवाकडे रोखलेले. वाट चुकलेल्याने दिशा कशी शोधावी, ते सांगायला.